दहावा प्रश्न

धाकटीने स्पॅनिशला प्रवेश घेतला तो निव्वळ ताईच्या आवाजापायी, पण हे तिने घरात कुणाला सांगितलं नाही. आई म्हणाली, बाकीचे विषय काय ओस पडले होते? बाबांनी फॉर्मवर सही केली. दोन वर्षांपूर्वी ताई याच विभागात शिकत होती. तिचे उच्चार चोख, म्हणून लँग्वेज लॅबमधल्या सरावाचे प्रश्न तिच्या आवाजात रेकॉर्ड केले होते. आठवडाभर चाललेल्या त्या कामापायी ती धाकटीच्या वाढदिवसाला घरी आली नाही. धाकटीने तोंड फुगवलं, आठवडाभर तिचा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी ताई तापाने गेली.

हेडफोन लावला की ताई विचारायची, नाव काय, राहतेस कुठे, भावंडं किती. प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरासाठी पाच सेकंद मोकळे, आणि त्यात तिचा श्वास ऐकू यायचा. बाकीची मुलं जांभया देत उत्तरं द्यायची. भावंडांच्या प्रश्नाला धाकटी पहिल्या दिवशी नुसतीच बसून राहिली. ताई पुढच्या प्रश्नावर गेली. जिवंतपणीही तिला धीर नव्हताच.

मॅडम वर्गात शिकवत त्या कथांमध्ये मेलेली माणसं खुशाल खुर्ची ओढून गप्पा मारायला बसत. मॅडम म्हणत, घाबरू नका, या साहित्यात हे चालायचंच. मुलं हसायची. धाकटीला त्या कथांतल्या माणसांचा हेवा वाटे, त्यांना पाच सेकंदांची घाई नव्हती.

शेवटचा धडा रागलोभाचा. त्यातला दहावा प्रश्न होता, माझ्यावर रागावलीस का? तीन वर्षांत धाकटीने त्याचं उत्तर एकदाही दिलं नाही. उत्तर दिलं की ताई कायमची जाईल, अशी भीती तिच्या मनात घर करून बसली होती.

मग ते रेकॉर्डिंग खरखरायला लागलं आणि नव्या आवाजासाठी मॅडमनी धाकटीलाच निवडलं. लॅबवाले काका काचेपलीकडे बसले. तिने शेवटच्या धड्याचा कागद पाहिला. त्यावर प्रश्न नऊच होते.

"काका, दहावा राहिलाय."

"तो पुस्तकात नाहीच. तुझ्या ताईने पदरचा घातला. मी म्हटलं, काढून टाक. तर म्हणाली, राहू द्या काका, माझी बहीण आज ना उद्या इथे येईल."

धाकटीने माईक जवळ ओढला. तिने नऊ प्रश्न वाचले, प्रत्येकापुढे बोटांवर पाच सेकंद मोजले. मग कागद बाजूला ठेवून दहावा विचारला, ताईच्याच शब्दांत. आता गप्प बसायचं होतं. चौथ्या बोटाला ती म्हणाली, "नाही गं ताई."

काकांनी मशीन थांबवलं. "पोरी, ती जागा रिकामी ठेवायची असते."

"ताईने ठेवली होती ना काका," धाकटी म्हणाली, "पाच वर्षं."