मंत्रीमहोदय त्या पुलावरून चालले आहेत काय?

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत उत्तरेभाऊंनी स्वतःच्या नावाने एकही उत्तर दिले नव्हते आणि मंत्र्यांच्या नावाने अकरा हजारांवर दिली होती. खासदारांनी लेखी प्रश्न विचारायचे, मंत्र्यांनी लेखी उत्तर द्यायचे आणि ते ठरल्या दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवायचे, असा नियम. मंत्री बिचारे फिती कापण्यात गुंतलेले. म्हणून उत्तर लिहायचे भाऊंनी, तपासायचे साहेबांनी आणि सही ठोकायची मंत्र्यांनी. वाचायचे कोणी, याबद्दल नियमात काही म्हटलेले नव्हते.

'उत्तरेभाऊ' हे नाव खात्यानेच दिलेले. खरे नाव पगारपत्रकात होते, तिथे ते सुखात होते. भाऊंचे टेबल तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून. मागे लोखंडी कपाट, त्यात जुन्या उत्तरांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. सुगरणीचा हात जसा अंधारातही नेमक्या डब्यावर पडतो, तसा भाऊंचा हात नेमक्या उत्तरावर पडे. 'हे खरे नाही.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आणि अगदीच कोंडी झाली तर, 'माहिती गोळा करण्यात येत आहे.' एका धरणाबद्दलची माहिती चौदा वर्षे गोळा होत होती. तेवढ्यात धरण गाळाने भरले, पण उत्तराला ओरखडा नाही.

त्या खोलीचा एकच धर्म होता. जुन्या उत्तराला नव्या उत्तराने धक्का लावायचा नाही. नदी पूर्वेला वाहते असे एकदा सभागृहात सांगितले की सांगितले. मग वळायचे ते नदीने.

तर एका सोमवारी सकाळी टंकलेखिका बाईंनी भाऊंच्या पुढ्यात एक कागद सरकवला. बाई पलीकडच्या टेबलावर वीस वर्षे बसत होत्या आणि भाऊंची निम्मी उत्तरे न विचारता टाइप करू शकत होत्या.

"पूल आहे," बाई म्हणाल्या. "हे खरे नाही, हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही. करून टाकू का?"

"थांबा जरा," भाऊ म्हणाले. त्यांचा चष्मा कागदावरच अडकला होता.

प्रश्नाचे चार भाग होते. टेकडीपलीकडच्या वस्तीला जाताना लागणाऱ्या ओढ्यावरील लाकडी पादचारी पुलाच्या एकोणीस फळ्या निखळल्या आहेत, हे खरे आहे काय? गेल्या महिन्यात तेथील आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिका त्यावरून पडून जखमी झाल्या, हे खरे आहे काय? असल्यास, पूल केव्हा दुरुस्त होणार? आणि चौथा भाग: मंत्रीमहोदय त्या पुलावरून स्वतः चालले आहेत काय?

पहिले तीन खासदारांच्या तोंडचे होते. चौथा नव्हता. तो प्रश्न भाऊ लहानपणापासून ऐकत आले होते. 'दार लावलं म्हणतोस, तू स्वतः जाऊन बघितलंस का?' असे विचारणारी त्यांची थोरली बहीण हीच ती परिचारिका. तिनेच खासदारांच्या कचेरीत चकरा मारून हा प्रश्न लावून घेतला होता, यात शंका नव्हती.

भाऊंनी फोन लावला.

"ताई, पाय कसा आहे?"

"पाय जागेवर आहे. काठी घेऊन चालते. आज काय एकदम आठवण?"

"काही नाही, सहज. ताई, तो पूल..."

"पूल पूल करू नकोस. येऊन बघ एकदा. दोन वर्षं झाली माझी इथं बदली होऊन, एकदा तरी आलास? एकोणीस फळ्या गेल्यात. मी मोजल्यात, कारण मोजल्याशिवाय पाऊल टाकताच येत नाही. या महिन्यात तीन घरची बाळंतपणं ओढ्यापलीकडे. बाळ काय मुदत मागतं का?"

"अर्ज नाही केलास?"

"सात केले. दरवेळी तिथला अभियंता म्हणतो, बाई, हा पूल कागदावर दुरुस्त झालाय, तीन वर्षांपूर्वी मंत्र्यांनी सभागृहात तसं लेखी दिलंय. दुरुस्त झालेला पूल मी परत कसा दुरुस्त करू? असलं उत्तर कुठल्या शहाण्यानं लिहिलं असेल, रे? एकदा भेटला तर ओढ्यात उभा करीन त्याला. तुला नाही का माहीत? तुझ्याच खात्यातला असणार."

"मी आवक-जावकला असतो, ताई," भाऊ म्हणाले.

"ते ठाऊक आहे मला. तू कशाला असलं काही करशील," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

वडील गेले तेव्हा भाऊ नऊ वर्षांचे होते. ताईने शिकवण्या करून त्यांना शिकवले. तिच्या शिव्या त्यांनी प्रसादासारख्या घेतल्या असत्या. पण हा विश्वास मात्र घशाखाली उतरेना.

कपाटातला गठ्ठा काढायची गरजच नव्हती, तरी त्यांनी तो काढला. तीन वर्षांपूर्वीचा तो मसुदा त्यांच्याच गोल, नीटस अक्षरात होता. 'सदर पुलाच्या दुरुस्तीचे काम पूर्ण झाले आहे.' त्या दिवशी पाचला उत्तर जायचे होते. अभियंत्याचा फोन लागत नव्हता. काम सुरू करण्याचा आदेश मात्र फाइलला लावलेला होता. आदेश निघालाय म्हणजे काम होईलच, होणारे ते झालेच समजा, अशा हिशेबाने त्यांनी 'होणार आहे'चे 'झाले आहे' केले होते. पाप करायचे म्हणून केले नव्हते. चहा गार होत होता म्हणून केले होते. जगातली बरीचशी पापे अशीच होतात, माणसाला दुष्ट व्हायलासुद्धा सवड नसते. उत्तर सभागृहात गेले, अभियंत्याने फाइल मिटली, कंत्राटदार आलाच नाही. वर्षभराने ताईची तिथे बदली झाली, आणि तेव्हापासून भाऊंना तिच्याकडे जायला एकही रविवार मोकळा मिळाला नव्हता.

आई म्हणायची, वर गेल्यावर देव एकच प्रश्न विचारतो. भाऊंच्या आज पहिल्यांदा ध्यानात आले की तिथे माहिती गोळा करायला मुदत मिळत नसणार.

त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिले: 'होय. होय. पुढील पंधरवड्यात. नाही.' आणि खाली, 'या पुलाबाबत पूर्वी दिलेले उत्तर चुकीचे होते.'

टंकलेखिका बाईंनी कागद दोनदा वाचला. मग भाऊंकडे बघितले, मग पुन्हा कागदाकडे.

"भाऊ, घरी सगळं ठीक आहे ना?"

"टाइप करा, बाई."

"करते. पण 'चुकीचे' हा शब्द या यंत्रावर कधी उमटलेला नाही. अडकलं तर मला बोलू नका."

साहेबांनी मसुदा वाचला आणि भाऊंना बोलावून घेतले. साहेब तसे गोड स्वभावाचे. माणसाला खाली ढकलतानाही खुर्ची देत.

"बसा. हे काय लिहिलंय?"

"साहेब, जे आहे ते."

"जे आहे ते लिहायला वर्तमानपत्रं आहेत. आपण सुसंगत लिहायचं." साहेबांनी लाल पेन उघडले. "तीन वर्षांपूर्वी पूल पूर्ण. मग फळ्या निखळल्या, हे खरे नाही. ठीक?"

"आणि परिचारिका पडल्या त्याचं?"

"त्या पडल्या असतील. पूल पडला का? नाही ना. मग लिहा: परिचारिका पडल्या, हे अंशतः खरे आहे. पूल पडलेला नाही." साहेब स्वतःवरच खूश झाले. "तिसरा, प्रश्न उद्भवत नाही. आणि चौथ्याला 'नाही' काय लिहिता? नाही म्हटलं की पुढच्या अधिवेशनात विचारतील, का नाही? होय लिहा. होय म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही."

"पण साहेब..."

"भाऊ, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे," साहेब म्हणाले आणि लाल पेनाने मोठा 'होय' काढला.

संध्याकाळी मंत्र्यांची सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रती सभागृहाच्या कचेरीत पोचल्या. शुक्रवारी उत्तर पटलावर येणार होते.

मंगळवारी भाऊ टेबलाशी नुसते बसून राहिले. गप्प राहिले असते तर काहीच बिघडले नसते. होय म्हटल्यावर खरेच कोणी काही विचारत नाही. पण ओढ्याकाठी काठी टेकत एकजण होती. ती विचारणार होती. आणि ती विचारायची तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायची. जेवणाच्या सुट्टीत भाऊ उठले आणि साहेबांच्या दारावर टकटक केली.

"साहेब, एक शंका आहे. पूल खोटा निघाला तर ती खात्याची चूक. पण 'मंत्री स्वतः चालले आहेत' हे खोटं निघालं, तर ती चूक खात्याची राहत नाही. ते मंत्र्यांनी स्वतःच्या पायांविषयी सभागृहाला खोटं सांगणं झालं. हक्कभंग होतो."

साहेबांचा घास हातातच राहिला. "पण कोणाला कळणार?"

"ती पडलेली परिचारिका माझी थोरली बहीण आहे," भाऊ म्हणाले. "त्या पुलावरून कोण गेलं, कोण आलं, हे तिला कळतं. ती दुसऱ्याच दिवशी खासदारांना कळवील. आणि तिनं नाही कळवलं तर मी कळवीन."

शेवटचे वाक्य तोंडातून कसे निघाले हे भाऊंनाही कळले नाही. पण निघाले ते निघाले.

"उत्तर मागे घेऊ," साहेब म्हणाले.

"कारण लिहून द्यावं लागेल. कारण लिहिलं की तीन वर्षांपूर्वीचंही उघडं पडेल."

साहेबांनी डबा मिटला. मग दोघेही मंत्र्यांपुढे जाऊन उभे राहिले. मंत्रीमहोदय धिप्पाड होते. खुर्चीतून उठले की खुर्चीही थोडी उठायची. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे मी चाललोय?"

"लेखी चालला आहात, साहेब," भाऊ म्हणाले.

"आणि तिथं फळ्या नाहीत."

"एकोणीस नाहीत."

मंत्री बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शुक्रवारच्या आत चालून येऊ. म्हणजे उत्तर खरं होईल. पण माझ्या वजनाचा विचार करून पूल तयार ठेवा."

घोडे इथेच अडले. पूल कागदावर दुरुस्त होता. दुरुस्त पुलाच्या दुरुस्तीचा आदेश काढणार कोण? अभियंता फोनवर रडकुंडीला आला. तेव्हा सत्तावीस वर्षांची विद्या भाऊंनी जन्मात पहिल्यांदा देवाच्या कामी लावली. त्यांनी आदेश लिहिला: 'मंत्रीमहोदयांच्या दौऱ्यानिमित्त करावयाची सुरक्षाव्यवस्था. पादचारी पुलावर नवीन फळ्या, कठडे व खालून लोखंडी आधार.' दुरुस्ती हा शब्द त्यात कुठेच नव्हता. साहेबांनी तो आदेश वाचला आणि एखादे भजन ऐकल्यासारखे डोळे मिटले.

तीन वर्षांत न आलेली माणसे तीन तासांत आली. बुधवारभर हातोडे चालले. वस्तीतल्या लोकांना वाटले, लढाई सुरू झाली की काय.

गुरुवारी दुपारी मंत्री आले. भाऊंनाही सोबत नेले होते, फळ्या मोजून घ्यायला. मंत्र्यांनी बूट पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. अभियंत्याला आधी धाडले, मग साहेबांना, आणि मग देवाचे नाव घेऊन स्वतः निघाले. पूल हूं की चूं करीना. पलीकडे पोचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद दिसला की छायाचित्रकारालाही त्यांना 'हसा' म्हणावे लागले नाही.

"चांगला पूल आहे," ते समोर काठी टेकून उभ्या असलेल्या परिचारिकेला म्हणाले. "उगाच तक्रारी करतात लोक."

"आज चांगला आहे, साहेब," ताई म्हणाली. "पण उपकेंद्राचं छप्परही बघून जा. त्याखाली कधी उभे राहिलात का?"

मंत्र्यांनी साहेबांकडे बघितले. साहेबांनी आभाळाकडे. मग गाड्या निघाल्या. भाऊ मात्र मागे राहिले.

ताईने त्यांना पुलावर नेले. दोघे मधोमध थांबली. खाली ओढा आपला वाहत होता; त्याला कोणी दिशा लिहून दिलेली नव्हती. नव्या फळ्यांना ताज्या लाकडाचा वास होता.

"शेवटी आलास," ती म्हणाली.

"आलो."

"एक विचारू का, रे? तुमचा तो अभियंता आत्ता म्हणत होता, उत्तरेभाऊंनी आदेश काढला म्हणून झालं सगळं. हे उत्तरेभाऊ कोण?"

भाऊंच्या जिभेवर सत्तावीस वर्षे ओळीने येऊन उभी राहिली. माहिती गोळा करण्यात येत आहे. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. त्यांनी एकेकाला वाट करून दिली आणि सगळी जाऊ दिली.

"मीच," ते म्हणाले. "आणि ताई, तीन वर्षांपूर्वीचं ते उत्तरही मीच लिहिलं होतं. पूल न बघता."

ताईने त्यांच्या डोळ्यांत पाहिले. नऊ वर्षांच्या पोराला प्रश्न विचारताना असायची, तीच नजर. मग वाकून, दुखरा पाय सावरत, कठड्याला धरून खाली ओढ्याकडे बघितले.

"पाणी गुडघाभर आहे," ती म्हणाली. "चपला काढ."

"ताई..."

"मी शब्द दिलाय स्वतःला. काढ चपला."

उत्तरेभाऊंनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावरून पाण्यात उतरले. पाणी गार होते. ताई पुलावर उभी राहून बघत होती. दगडावर पाय घसरला तसे भाऊ दचकून हात पसरून उभे राहिले, आणि वरून त्यांना हसू ऐकू आले, लहानपणी घरात ऐकू यायचे तसे.

"किती वेळ उभं राहू?" त्यांनी विचारले.

"छपराचा आदेश कसा लिहायचा ते सुचेपर्यंत," ताई म्हणाली, आणि त्यांच्या चपला हातात घेऊन उपकेंद्राकडे चहा टाकायला निघाली.