हँडलची मशिनं

अ‍ॅग्नेस डाबरे मूळची वसईची. बहरैनमध्ये, मनामातल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून तिला बारा वर्षं झाली होती. तिची धाकटी बहीण जॅकलीन नन झाली आणि मठाच्या कामासाठी आफ्रिकेत, झांबियात गेली. तिथे एका बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीशेजारच्या टाउनशिपमध्ये ती राहत होती. १९९६च्या फेब्रुवारीत तिचं लांबलचक पत्र आलं. अ‍ॅग्नेस ते घेऊन लगेच खाली सरिताकडे गेली.

सरिता मेश्राम मनामाच्या उम्म अल हस्सम भागात, अ‍ॅग्नेसच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. ती नागपूरची. बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक तीच शिवून द्यायची. तिचा नवरा अश्वजित मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होता.

जॅकलीनने लिहिलं होतं, खाण बंद झाली तसे पुरुष कामाच्या शोधात दूर गेले. बायका आणि मुलं मागे राहिली. मुलांना शाळेत जायचंय, पण गणवेश नसेल तर शाळा आत घेत नाही. म्हणून चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी शिवणवर्ग काढलाय. बावीस बायका आणि एकच मशीन. पंधरा मिनिटं झाली की घंटा वाजते आणि पुढची बसते. एका बाईने तर मध्येच उठावं लागू नये म्हणून चक्क घंटा लपवून ठेवली होती. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, बाकी काही नको, जुनी मशिनं मिळाली तर बघ.

घंटेच्या गोष्टीवर सरिता खूप हसली. मग म्हणाली, मशिनं मिळतील, घरोघरी पडून आहेत.

अ‍ॅग्नेसने रविवारी चर्चमध्ये सांगितलं आणि सरिताने शुक्रवारी बुद्धवंदनेला जमणाऱ्या आपल्या लोकांत. तीन आठवड्यांत सरिताचा हॉल मशिनांनी भरून गेला. तेरा आली. एक तर लग्नात मिळालेलं, खोक्यातून कधी बाहेरच न काढलेलं. अश्वजित संध्याकाळी ड्यूटीवरून आला, बूट काढायच्या आधी सगळी बघून आला आणि त्याने विचारलं, की तिथे वीज आहे का.

अ‍ॅग्नेसने दुसऱ्या दिवशी फोन लावला. खांब आहेत, तारा नाहीत, असं जॅकलीनने सांगितलं. त्यांच्याकडचं एकमेव मशीन हाताने फिरवायचं होतं. आणि इथे जमलेली तेराच्या तेरा मोटरवर चालणारी.

"करंटच नाही, तर हे मशिनं चालतीन कशे?" अश्वजित म्हणाला.

अ‍ॅग्नेस सोफ्यावर बसली. आता ज्याचं त्याला परत करायचं आणि वर कारण सांगत फिरायचं, या विचारानेच तिचा जीव दमला. सरिता मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. तिने त्याला एवढंच विचारलं, की मोटर काढून हँडल लावता येणार नाही का. सकाळी जाताना अश्वजित एक मशीन टॅक्सीत घालून घेऊन गेला.

त्याने चाकाला सरळ एक दांडा बसवून आणला. सरिताने कापड लावून फिरवून पाहिलं. हँडल एकदा फिरवलं की टाका एकच पडायचा. एक वीतभर शिवण होईपर्यंत तिचा खांदा भरून आला. याच्यावर गणवेश शिवायला बसलं तर पोरं लग्नाची होतील, असं ती म्हणाली. अश्वजित मशीन उचलून पुन्हा वर्कशॉपला घेऊन गेला.

वर्कशॉपचा मालक हमीद नावाचा बहरैनी माणूस होता. शिफ्ट संपल्यावर हा शिलाई मशीन घेऊन काय करतो, म्हणून तो बघायला आला. अश्वजितने हिंदीत सगळं सांगितलं. हमीदने घरी जाऊन ते आईला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी जमीला, त्याची सत्तरीची आई, गाडीतून थेट वर्कशॉपमध्ये उतरली. मागून हमीद चादरीत गुंडाळलेलं मशीन घेऊन आला. याच मशीनवर शिवून जमीलाने पाच मुलं वाढवली होती.

तिने अश्वजितचं हँडल एकदा फिरवलं, मान हलवली आणि आपलं मशीन उघडून दाखवलं. हँडलच्या आत दोन दातेरी चाकं होती, एक मोठं, एक छोटं. हँडलचा एक फेरा झाला की सुई तीनदा खाली जायची. अश्वजितने खिशातली पट्टी काढली आणि दाते मोजायला बसला. तशीच चाकं करायला हमीदने सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी लेथ वापरायची परवानगी दिली, आणि थोड्या वेळाने स्वतःच बाह्या सरसावून शेजारी उभा राहिला.

सहा शुक्रवारांत तेरा मशिनांना हँडलं बसली. पण पास करायचं काम जमीलाने स्वतःकडे घेतलं होतं. ती सरिताच्या हॉलमध्ये जमिनीवर बसायची, प्रत्येक मशीनवर एक सरळ शिवण मारायची आणि कापड उजेडात धरून बघायची. दोन मशिनं तिने "मफी", नाही चालणार, म्हणून परत पाठवली. सरिता आणि ती एकमेकींशी मोडक्या हिंदीत बोलायच्या, पण कापड हातात आलं की बोलायची गरजच उरायची नाही. जमीलाने तिला झग्याला कळी लावायचा एक नवा प्रकार शिकवला. सरिताने तिला भाकर आणि झुणका खाऊ घातला. तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं तरी जमीलाने दुसऱ्यांदा मागून घेतला.

खोकी बांधायच्या दिवशी जमीलाने आपलंही मशीन रांगेत ठेवलं. हमीदला ते आवडलं नाही. आईची आठवण आहे, घरात राहू दे, असं तो म्हणाला.

"मी अजून जिवंत आहे," जमीला अरबीत म्हणाली. "मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. हे झाकून ठेवलेलं बघितलं की मला राग येतो."

कामावर अरबी शिकलेल्या अश्वजितने हे सरिताला मराठीत सांगितलं तेव्हा तिने उठून म्हातारीचे हात हातात घेतले. हमीदने स्वतःच ते मशीन खोक्यात घातलं.

मनामाच्या जुन्या बाजारातल्या, सूकमधल्या नजीब कापडवाल्याने निळ्या कापडाचे तागे दिले. मशिनं हलू नयेत म्हणून तेच तागे मध्ये कोंबले. हमीदच्या ओळखीने जहाजावर जागा मिळाली आणि चौदा खोकी टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदराकडे रवाना झाली. तिथून पुढे ट्रकने.

त्यानंतर कितीतरी महिने मशिनं पोचल्याचं कळलं नाही. अ‍ॅग्नेस फोन करायची तेव्हा जॅकलीन सांगायची, कस्टममध्ये आहेत, वाटेत आहेत. मग पुढच्या वर्षी जानेवारीअखेर एक जाड पाकीट आलं. त्यात पत्र, फोटो आणि एक कॅसेट होती.

शुक्रवारी सगळे अ‍ॅग्नेसकडे जमले. फोटोत एकसष्ट मुलं निळ्या गणवेशात शाळेच्या भिंतीशी उभी होती, आणि मागे त्यांच्या आया. जॅकलीनने लिहिलं होतं, की पहिल्या दिवशी मुलांपेक्षा आयाच लवकर शाळेत पोचल्या. आता शेजारच्या दोन शाळांनीही गणवेश शिवायला दिलेत. एका मशीनचं दातेरी चाक मोडलं, तेव्हा शिवणवर्गातल्या एका बाईने खाणीतल्या जुन्या फिटरला गाठलं आणि ॲल्युमिनियमचं फुटकं भांडं वितळवून नवं चाक ओतून घेतलं. त्याचाही फोटो होता. अश्वजितने तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"माझ्याहून साजरं केलं त्यानं," तो म्हणाला आणि फोटो हमीदकडे दिला.

मग अ‍ॅग्नेसने कॅसेट लावली. आधी नुसती खडखड ऐकू आली. एक मशीन, मग दुसरं, मग सगळी एकदम. त्यावर एका बाईने गाणं धरलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. शब्द कोणालाच कळत नव्हते. जमीला डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी ती टाळ्या वाजवायला लागली. सरिता उठली, तिने अ‍ॅग्नेसला ओढलं, आणि दोघी टीपॉय बाजूला सारून नाचू लागल्या. हमीद हसत हसत भिंतीला टेकला.

एवढ्यात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरची शमा विचारायला आली होती, की कोणाचं लग्न ठरलंय. अ‍ॅग्नेसने उत्तर देण्याऐवजी तिचा हात धरून तिला आत घेतलं.