काळीज वाजत नाही म्हणून

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरवडा उलटला, तरी कुंदाला न्यायला सासरहून, फागण्याहून, कुणी फिरकलं नाही. एरंडोलच्या त्या गल्लीत आखाजीला आलेल्या बाकीच्या लेकी झोके खेळून, सांजोऱ्या खाऊन केव्हाच आपापल्या सासरी गेल्या. कुंदाची आई मंजुळाबाई रोज धुळ्याकडच्या एसटीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची, आणि गाडीतून भलतीच माणसं उतरली की ज्याला त्याला बोलायची. कधी नवऱ्याला, कधी म्हशीला.

तिला कारण ठाऊक होतं. गेल्या दिवाळीनंतर कुंदाचं मुंबईत हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच पोरीला धाप लागायला लागली. जळगावच्या सरोदे डॉक्टरांनी तपासलं, तर हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी बुडाशी फुग्यासारखी फुगलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. पोर मरणाच्या दारातून परत आली, हे खरं तर पेढे वाटण्याजोगं. पण सासरच्यांना पेढे नको होते, त्यांना नवीकोरी सून हवी होती.

अखेर एका दुपारी ते आले. सासरा उखर्डू आबा, नवरा गिरधर आणि चुलतसासू बेबाबाई. गिरधरची आई गेल्यापासून घरातला कारभार बेबाबाईच बघायची. पाणी झालं, चहा झाला, पावसाचं बोलणं झालं. मग बेबाबाई उठली.

"वहू, आठे ये बरं जरासं."

तिनं कुंदाला मधल्या खोलीत नेलं, पदर बाजूला केला आणि छातीवरच्या त्या उभ्या व्रणाला कान लावला. मंजुळाबाई दारात उभी राहून बघतच राहिली. बाजारात बाया मडकं वाजवून घेतात ना, अगदी तस्संच चाललं होतं. कुंदा भिंतीकडं बघत उभी होती.

"आबा, काहीच वाजत नही!" बेबाबाई तिथूनच ओरडली.

आता या शहाणपणामागची गोष्ट अशी. फागण्यात पितांबर नावाचा गृहस्थ होता. त्याच्या हृदयात धातूची झडप बसवली होती, आणि ती घड्याळासारखी टिकटिक करायची. पाराच्या ओट्यावर तो शेजारी बसला की ऐकू यायची. पोरंसोरं त्याच्या छातीला कान लावून जायची आणि पितांबरही मोठ्या तोऱ्यात सदऱ्याची बटणं सोडायचा. त्यावरून गावानं ठरवून टाकलं होतं की ज्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याचं काळीज वाजतं. वाजत नसेल तर झालंच नाही.

"डाक्टरनी फसाडं तुमले, याहीन," उखर्डू आबा विहिणीला शांतपणे म्हणाले. "छाती फाडी, आनि मझार काही बसाडंच नही. जुनंच काळीज शे ते. उद्या वावरमा पडी-बिडी गई, म्हंजे गाव आमना तोंडमा शेण घाली."

मंजुळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मनी पोर काय कुंभारनं मडकं शे, वाजाडी दखाले? चाला जळगाव! ज्या डाक्टरनी तिले तपासं, त्यानाच तोंडथीन ऐका. मंग काय बोलनं ते बोला."

एवढं सगळं चाललं असताना गिरधर काय करत होता? बशीत चहा ओतून फुंकर घालत होता. बायकोची छाती घरातलं माणूस असं तपासतंय आणि याला चहा गरम लागत होता. मंजुळाबाईला वाटलं, ती बशीच हिसकावून घ्यावी. पण जावई. लेक नांदवायची असेल तर बशी हिसकावून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे जळगावला सरोदे डॉक्टरांच्या दवाखान्यात हजर झाले. डॉक्टरांनी कुंदाला आडवं करून मशीनवर हृदय पाहिलं आणि मग सगळ्यांना आत बोलावलं. आबांनी त्यांना पितांबरच्या टिकटिकणाऱ्या झडपेचं सांगितलं.

"झडप का नाही बसवली, असं तुमचं म्हणणं ना?" डॉक्टर म्हणाले. "आबा, घराच्या दाराची चौकट सडली आणि दार मात्र सागवानी, धडधाकट असलं, तर तुम्ही काय करता? दार फेकून देता?"

"चौकट बदलतस," आबा म्हणाले.

"तेच केलंय. हिची झडप चांगली होती, बुडाची नळी खराब होती. ती फुगलेली नळी काढली, तिथं कापडाची नवी बसवली आणि हिचीच झडप तिच्यात नीट शिवली. अवघड काम आहे ते. अख्खी झडप बदलणं त्यापेक्षा सोपं. हिचं नशीब, की करणारा हात चांगला मिळाला."

मंजुळाबाईनं बेबाबाईकडं असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर तिनं खाली बघितलं असतं. बेबाबाईनं नाही बघितलं.

"झडपेची गळती कशी आहे?" चार बुकं शिकलेल्या माणसाच्या ऐटीत गिरधरनं तोंड उघडलं. दोन दिवसांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"किंचित झिरपतं. काळजी करण्यासारखं नाही."

"म्हंजे गळस!" आबांनी मांडीवर हात मारला.

"आबा, इतकं तर धडधाकट माणसाचंही झिरपतं," डॉक्टरांचा आवाज चढला. "आता खरं तेच सांगतो. हे ऑपरेशन आपल्याकडं नवीन आहे. वीस वर्षांनी काय होईल ते मी सांगणार नाही, कुणीच सांगू शकत नाही. काहींची झडप पुढं गळायला लागते, मग पुन्हा उघडावं लागतं. म्हणून दर वर्षी इथं आणून तपासायचं, चुकवायचं नाही. पण बहुतेकांचं चांगलं चालतंय. त्या तुमच्या पितांबरला जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, सारखं रक्त तपासावं लागतं. हिला ती गोळी नाही."

आता बेबाबाई पुढं सरकली. "लेकरू व्हई का तिले?"

"होऊ शकतं. अजून काही महिने थांबा, आणि आधी मला विचारा. दिवस गेले की डॉक्टरांच्या नजरेखाली राहावं लागेल. पितांबरसारखी झडप असती तर त्या गोळीपायी फार कठीण होतं."

बाहेर आल्या आल्या बेबाबाईचं तोंड गुळासारखं गोड झालं. तिनं कुंदाचा हात धरला, पाठीवरून हात फिरवला. "चाल वहू, घर चाल. तुनंच घर शे ते." उखर्डू आबासुद्धा हसले. बापजन्मात ते सुनेकडं बघून हसले नव्हते.

मंजुळाबाईला हेच तर हवं होतं. लेक मानानं सासरी जावी, यासाठीच ती दोन दिवस जिवाचं रान करत होती. आणि आता ते होत होतं तर तिच्या अंगाचा भडका उडत होता. म्हणजे पोरीचं काळीज यांच्या लेखी काहीच नव्हतं. कूस चालते कळलं आणि काळीज एका क्षणात पास झालं! तरी तिनं तोंडावर आलेली शिवी गिळली. जाऊ दे, नांदतेय ना, असं ती स्वतःला समजावू लागली.

कुंदानं मात्र आपला हात सोडवून घेतला.

"काकू, काल मनं काळीज जुनं व्हतं. आज कसं नवं व्हयनं?"

ती गिरधरकडं वळली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"तुमी एरंडोलले मनासंगे उतरा. दोन दिन राहा. मंग तुमीच माले लई चाला, आनि गावमा तुमना तोंडथीन सांगा, मनी बायको धड शे म्हनीसन. मी येसू. नहीतं नही."

"जवाई सासरवाडीले राहीसन बायकोनी मनधरनी करी?" आबांचं हसू मावळलं. "लोके हासतीन."

"मी त्यासले इचारं, आबा," कुंदा म्हणाली.

गिरधरनं मान हलवली. त्या हलवण्याला हो म्हणावं की नाही, ते देवालाच ठाऊक.

धुळ्याची गाडी एरंडोलवरूनच जाते, म्हणून सगळे एकाच एसटीत बसले. वाटेत मंजुळाबाईनं मनातल्या मनात पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलून टाकला, की एवढा एक माणूस गाडीतून उतरू दे.

एरंडोलचा स्टँड आला. कुंदा उठली, दारापर्यंत गेली आणि वळून उभी राहिली. गिरधर उठला. खरंच उठला, वरच्या दांडीला त्यानं हातही लावला. उखर्डू आबांनी घसा खाकरला. बोलले काही नाहीत, फक्त खाकरले. गिरधर खाली बसला आणि खिडकीतून पलीकडं बघायला लागला. पलीकडं बघण्यासारखं काही नव्हतं, रसवंतीचा एक बंद गाडा होता.

कुंदा खाली उतरली. कंडक्टर म्हणाला, "चला मावशी, उतरायचं असंल तर उतरा." मंजुळाबाई उतरली नाही. इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या गळ्याशी आलं होतं. ती गाडीच्या मधल्या वाटेत उभी राहिली, आणि आबांच्या लेकाकडं बोट दाखवून शेवटच्या बाकावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आबा, मनी पोरनं काळीज तपासीसन व्हयनं. आते तुमना आंडोरनं तपासाडी ल्या."