दाबू का?

पट्टीचा एक कोपरा सुटून वर आला होता आणि त्याच्या चिकट बाजूला धूळ बसून तो काळपट झाला होता. पांढरी कापडी पट्टी, रक्त घेऊन झालं की दात्याच्या कोपरात कापसावर लावतात ना, तीच. ताईंनी तिचा नखाएवढा तुकडा कापून की-बोर्डच्या एंटरवर चिकटवला होता आणि बॉलपेननं त्यावर लिहिलं होतं, ‘थांब’. परवा लावली तेव्हा अक्षर ठळक होतं. आता बोटाखाली येऊन येऊन शाई पसरली होती…

“दादा, दाबू का?”

तो ताईंच्या खुर्चीमागं उभा होता. स्क्रीनवर एका दात्याचं नाव, वय, फोन नंबर. नंबर बदलला होता, तेवढाच घालायचा होता. शाळेतलं पोर करेल असलं काम.

“दाबा की.”

“एकाचाच आहे ना? नीट बघा हं.”

“एकाचाच आहे, ताई.”

पाणी किती कडकडीत आहे ते बघायला बोट बुडवावं तसं त्यांनी एंटर दाबलं आणि झटकन हात मागे घेतला. मग स्क्रीनभर नजर फिरवली, कुठं काही जळलंबिळलं नाही ना. आणि हसल्या. त्या हसल्या की त्याचा पाय चुकल्यासारखा व्हायचा, जिन्याची शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी तसं.

सकाळपासून कितव्यांदा, ते तो मोजत नव्हता. मोजायचं नव्हतंच. गेली कैक वर्षं ही बाई या रक्तपेढीच्या नोंदणीच्या टेबलावर बसते, दात्याच्या दंडावरची शीर बघून सांगते, हा घाबरून पडणार म्हणून, आणि आता एक फोन नंबर बदलायला तिला मी लागतो. मी!

त्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणायचे. मागच्या खोलीत एसीच्या वाऱ्यात ठेवलेला काळा डबा आणि हा, यांच्यात फरक एवढाच की डबा रात्री जेवायला घरी जात नाही, असं फ्रीजवाला म्हणायचा. रक्ताच्या पिशव्यांचे फ्रीज सांभाळायचं त्याचं काम, आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची फिरकी घ्यायचं. त्या डब्यातला डेटाबेस, म्हणजे एकूण एक दात्याचं नाव, गट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं, हे सगळं सर्व्हरच्या ताब्यात. कुणी काय बघायचं, कुणी कशाला हात लावायचा, हे ठरवणारा तोच. कुठं शिकलास, असं कुणी विचारलं की तो “असंच, करत करत” म्हणून विषय बदलायचा. खरं म्हणजे व्हिडिओ बघून शिकलेला. कुणीतरी कुठंतरी लिहिलेलं उत्तर उचलायचं, आपल्याकडं चिकटवायचं, चाललं तर हात लावायचा नाही. आणि कुणीतरी एक दिवस दार ढकलून आत येईल आणि म्हणेल, ऊठ, तुला काही येत नाही… हे त्याला रोज अंघोळ करताना वाटायचं.

परवा सकाळी काय झालं, ते आता सगळ्यांना पाठ होतं. एका दात्याचा रक्तगट चुकीचा पडला होता, तो ताईंना दुरुस्त करायचा होता. त्यांनी यादी उघडली, त्यांच्या नकळत गटाचा अख्खा रकाना निवडला गेला, त्यांनी ‘ओ निगेटिव्ह’ लिहिलं, स्क्रीननं विचारलं, नक्की का? त्यांनी एंटर दाबलं. त्या क्षणापासून पेढीतला प्रत्येक दाता ओ निगेटिव्ह. डॉक्टर मॅडमना एका बाळंतिणीसाठी तेच रक्त हवं होतं. त्यांनी यादी काढून फोन लावले, एक माणूस कामावरून धावत आला, बोट टोचलं, बघतात तर बी पॉझिटिव्ह. दुसरा आला, तो ए. मॅडमचा चेहरा पांढराफटक. पिशव्यांना काही झालं नव्हतं, त्या वेगळ्या तपासल्या जातात, आणि दुसऱ्या पेढीतून रक्त आलं, बाई वाचली. पण तो तासभर… त्या तासाभरात बाहेरच्या बाकावर बसलेला तिचा नवरा एका पायातली चप्पल काढत होता, घालत होता, काढत होता.

मग सर्व्हर मागच्या खोलीत गेला आणि आदल्या रात्रीचा बॅकअप काढून दुपारपर्यंत सगळ्यांचे गट जागच्या जागी आणले. बाहेर आला तर टाळ्या. खरोखरच्या टाळ्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली. ताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, पुढे आल्या आणि त्याचे हात धरून म्हणाल्या, “दादा, तुम्ही नसता तर मी आज मेले होते.”

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण टाळ्या वाजत असताना माणूस…

काय सांगायचं होतं? एवढंच, की ताईंना तो रकाना बदलता येताच कामा नये. त्यांनी एका वेळी एकच नोंद उघडावी, गटाला तर प्रयोगशाळेखेरीज कुणाचा हात लागू नये. पहिल्याच व्हिडिओतला पहिला धडा: ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. धडा त्याला येत होता. पण मागं एकदा संध्याकाळी ताई यादी काढायला गेल्या आणि स्क्रीन म्हणाली, परवानगी नाही. त्यानं बघायची परवानगी दिली, तरी नाही. आणखी एक दिली, तरी नाही. ताई पर्स खांद्याला लावून शेजारी उभ्या, त्यांची बस जायची होती, आणि त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, “जमत नाहीये का?” झालं. कानशिलं तापली. कोणती परवानगी कमी पडतेय ते त्याला कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हे ताईंना कळू द्यायचं नव्हतं. त्यानं एका ओळीत सगळंच देऊन टाकलं. बघा, बदला, पुसा, काय वाटेल ते करा. यादी निघाली. “किती हुशार हो तुम्ही,” ताई म्हणाल्या आणि बस गाठायला पळाल्या. उद्या नीट करू, असं तो स्वतःला म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी आणखी कुणाचं तरी अडलं. तीच ओळ, नाव तेवढं बदललं. चालतंय ना? मग…

म्हणजे एवढ्याशा लाजेपायी. आणि आता ही एवढी मोठी. लाजेला व्याज लागतं की काय!

“काय ताई,” फ्रीजवाला चहाचा कप घेऊन आला, “आज कुणाकुणाला ओ निगेटिव्ह केलंत? मला करा की. भाव तरी वाढेल लग्नात.”

सगळे हसले. ताई पण हसल्या, मान खाली घालून, पट्टीचा सुटलेला कोपरा नखानं दाबत. आणि मी हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो, आणि सगळ्यांत उशिरा थांबलो.

जेवायच्या सुट्टीत आईचा फोन.

“अरे, मावशीला सांगितलं मी.”

“काय?”

“तू काल सांगितलंस ते. सगळी पेढी बुडाली होती आणि तू एकट्यानं वर काढलीस. मावशी म्हणते, पोरगं कुठं शिकलं नाही म्हणून आपण रडत होतो, बघ आता.”

“आई, कशाला गावभर करतेस.”

“गावभर कुठं? मावशीलाच सांगितलं. ती करेल गावभर.” आई स्वतःच्याच विनोदावर हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि हे बघ, त्या बाईला ओरडू नको हो. बिचारी आधीच घाबरलेली असेल. चुकतं माणसाचं.”

डब्यातला घास त्यानं कितीतरी वेळ चावला. काल रात्री जेवताना आईला आपणच सांगितलं होतं, आणि काय रंगवून सांगितलं होतं… तिचा एंटर, मॅडमचा चेहरा, तो चपलेवाला नवरा, आपण, बॅकअप, टाळ्या. सगळं होतं त्यात. ती संध्याकाळ नव्हती. आणि गंमत म्हणजे सांगताना ती गाळावीही लागली नाही. ती आपोआप नव्हतीच.

चारच्या सुमाराला साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये डॉक्टर मॅडमही होत्या, चष्मा कपाळावर चढवून.

“वरून विचारणा झालीय,” साहेब म्हणाले. “मला दोन शब्दांत सांग. त्या बाईचीच चूक ना? तुझी यंत्रणा चोख होती?”

दोन शब्दांत सांगता आलं असतं. दोनच लागले असते. मॅडम त्याच्याकडं बघत होत्या. रागानं नाही, दमलेल्या नजरेनं, आणि त्या नजरेसमोर त्याच्या घशाशी आलेलं वाक्य सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत होऊन खाली गेलं.

“बॅकअप होता म्हणून बरं झालं, सर,” तो म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं.

“तेच तर!” साहेब मॅडमकडं वळले. “मी म्हटलं नव्हतं? हा आहे तोवर काळजी नाही. त्या बाईंचं काँट्रॅक्ट संपतंय, तेव्हा बघू काय करायचं. तोवर तू आधी तिचे अधिकार काढ. आजच.”

“फक्त त्यांचे?”

“मग काय माझे काढतोस?” साहेब हसले.

साहेबांचेही होते. सगळेच. हवं तर साहेब एका बोटात पेढी पुसू शकत होते, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. फ्रीजवाल्यालाही ठाऊक नव्हतं. गावातली झाडून सगळी घरं एकाच किल्लीनं उघडावीत आणि किल्ली प्रत्येकाच्या खिशात, पण हे फक्त कुलूपवाल्यालाच माहीत, अशी ही अवस्था. आणि शिक्षा कुणाला, तर जिनं चुकून किल्ली फिरवली तिला.

तो बाहेर आला. दरवाजा लावताना मॅडमचा आवाज ऐकू आला, “दात्याला तिच्याइतका धीर देणारं माणूस मिळायचं नाही हो…” साहेबांचं उत्तर ऐकू आलं नाही. थांबला असता तर आलं असतं.

संध्याकाळी एकेक जण गेला. ताई पर्स खांद्याला लावून मागच्या खोलीच्या दारात आल्या. आत यायच्या नाहीत त्या, परवापासून. त्या काळ्या डब्याला घाबरत असल्यासारख्या उंबऱ्याबाहेरच.

“दादा, एक विचारू? उद्यापासून मी कागदावर लिहिलं आणि तुम्ही आत भरलंत तर? माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटेना. काल घरी गॅस बंद केला, आणि पोराला म्हटलं, बघ रे खरंच बंद झाला का.”

“ताई…”

“पोरगं म्हणतं, आई, तुला झालंय काय.”

“ताई, तुमची चूक नव्हती.”

बोललो. बोललो एकदाचा! आता पुढचं वाक्य, पुढचं फक्त…

ताईंचे डोळे भरून आले. “असं म्हणणारे तुम्ही एकटेच हो,” त्या म्हणाल्या. “खरंच. देव तुमचं भलं करो.”

“नाही, तसं नाही, ऐका, मी तेव्हा तुम्हाला जे…”

“बस जाईल माझी. उद्या बोलू, हं?” आणि त्यांनी जाता जाता, आपल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, “जेवा वेळेवर. फार वाळलात.”

चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. तो ऐकत राहिला. म्हणजे अर्धं खरं बोललो आणि तेही माझ्याच खात्यात पुण्य म्हणून जमा झालं. आता यातून बाहेर कसं पडायचं? पकडले जाऊ, ही भीती त्याला इतकी वर्षं सवयीची होती, घरच्या मांजरासारखी पायात घोटाळणारी. पण आत्ता या एसीच्या गारव्यात त्याला पहिल्यांदाच वाटलं, की दार ढकलून कुणी येणार नाही. कुणी विचारणार नाही. आणि याची भीती त्याहून मोठी होती. ही कुठून आली? हिची त्याला ओळखच नव्हती.

त्यानं स्क्रीन सुरू केली. लॉगिनांची यादी. प्रत्येक नावापुढं तेच: सगळं, सगळं, सगळं. त्यानं ओळ लिहिली. काढून घे, अमुक अधिकार, अमुककडून. नावाच्या जागी ताईंचं नाव लिहिलं. मग पुसलं. साहेबांचं लिहिलं, पुसलं. मग आपलं लिहिलं… काय नाव आहे आपलं, सर्व्हर तर नाही. त्यापुढं कर्सर लुकलुकत राहिला. पलीकडं साहेबांच्या केबिनमध्ये दिवा होता अजून. फोनवर ते कुणाला तरी हसून काही सांगत होते, आणि भिंतीतून शब्द येत नव्हते, नुसतं हसणं येत होतं.

त्याच्या एंटरवर पट्टी नव्हती. कोरं बटण, वापरून वापरून मधोमध चकाकणारं. त्यानं त्यावर बोट ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. बोटाखाली खोटंच काहीतरी कापडी, खरखरीत लागल्यासारखं वाटलं.

“दाबू का?” तो म्हणाला. मोठ्यानंच म्हणाला असावा, कारण स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. आणि उत्तराची वाट बघत त्यानं मान वळवून पाहिलं, आपल्या खुर्चीमागं.