सुटा फुगा

"साहेब, दांडा ओढला तरी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडत नाहीये," बॉयलरवाला बैठकीत उभा राहून म्हणाला. "उद्या दाब चढला तर वाफ सुटणार कुठून?"

"हा विषय आजच्या फांद्यांत नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी घेऊ."

तोवर कॉम्प्युटरवरच्या टिपणबाईंनी त्याचं वाक्य लिहूनही टाकलं होतं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं त्याच लिहीत. कोण काय बोललं, शब्दन् शब्द. शिंकलात तरी बाई टिपून घेतील, असं लोक चिडवायचे. पण नव्या साहेबांना लांबण खपत नसे. त्यांनी माइंड मॅप आणला. मधोमध एक फुगा, त्याला पाच फांद्या, फांद्यांना मुद्द्यांचे फुगे. "म्हणजे मनाचा नकाशा," साहेबांनी समजावलं होतं. "माझ्या मनाचा नकाशा छापलात ना साहेब, तर तुम्हीच मला घरी पाठवाल," बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळे खो खो हसले होते.

तसं बाईंना ते दोन दिवसांत जमलं. बोचत होती एकच गोष्ट. जुन्या इतिवृत्तात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' असायचे. साहेबांनी ती फांदीच छाटली होती. म्हणे, त्यातच तास जातो. आणि ज्या फुग्याला फांदी नाही, तो पडद्यावर करडा होऊन नुसता तरंगतो, छापताना गळून जातो. बॉयलरवाल्याचं वाक्य तसंच कोपऱ्यात तरंगत राहिलं.

बाईंनी ते 'उत्पादन'ला जोडलं. साहेबांनी तोडलं. 'कर्मचारी कल्याण'ला जोडलं.

"बाई, विषयाला धरून नाही. नकाशा विद्रूप होतो."

"मग लिहू कुठं?"

"सगळं लिहायलाच हवं का?"

बैठक संपली, पण बाईंचं चित्त थाऱ्यावर राहीना. पाणी प्यायल्या, पुन्हा प्यायल्या. खिडकी उघडली, लावली. उठून खाली चक्कर मारून आल्या. बॉयलरच्या भिंतीला लागूनच इस्त्रीचे रोलर होते, आणि त्यावर नऊ बायका चादरी सोडत होत्या.

"काय बाई, आज पायाला भिंगरी?" एकीनं विचारलं.

"काही नाही गं," म्हणत बाई वर आल्या. भीती वाटत होती. त्या भिंतीची, आणि साहेबांचीही. त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"तुझं काय जातंय? निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. नाकासमोर चाल."

"अहो, पण तो बोललाय. मी ऐकलंय."

"ऐकलंस ना? झालं मग!"

'झालं मग' ऐकून मात्र बाईंचं डोकंच फिरलं. काय झालं, डोंबल! त्यांनी फोन ठेवला आणि मधल्या फुग्यावर दोनदा क्लिक केलं. त्याला कुठल्याच फांदीची गरज नसते. 'साप्ताहिक बैठक' पुसून लिहिलं: 'बॉयलरवाला म्हणाला, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडत नाही.' आता पाचही फांद्या त्याच वाक्याला लटकल्या. तो नकाशा त्यांनी नेहमीसारखा सगळ्या विभागांना पाठवला, मुख्य कार्यालयालाही.

तासाभरात वरून फोन आला. दुपारी बॉयलर थंड केला. साहेब ओरडले नाहीत. "उद्यापासून चादरींच्या घड्यांकडे बसा," एवढंच म्हणाले. बाईंना तिथंच, त्यांच्यासमोरच रडू फुटलं. सव्वीस वर्षांची खुर्ची होती ती.

चौथ्या दिवशी बॉयलरवाला घड्यांच्या टेबलापाशी आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"माझ्यापायी तुमची खुर्ची गेली, बाई."

"खुर्चीचं सोड रे. व्हॉल्व्हचं काय निघालं?"

त्यानं फडकं सोडून जुना व्हॉल्व्ह टेबलावर उलटा ठेवला. "ही आतली चकती. दाब वाढला की ही वर उचलली जाते, मग कडेनं वाफ निघते."

चकतीवर क्षाराचा पांढरा थर चढला होता. बाईंनी पदराला चष्मा पुसला, वाकल्या, आणि चकतीच्या कडेला नख लावलं. फट शोधत नख हळूहळू गोल फिरवत नेलं. जिथून सुरुवात केली होती तिथं ते परत आलं. फट कुठंच नव्हती.