तीन नावांचे मृत्युपत्र

आजोबांना चार अपत्ये होती. त्यांच्या मृत्युपत्रात नावे तिघांचीच होती.

चौथी म्हणजे धाकटी आत्या. तिने वडिलांच्या मर्जीबाहेर लग्न केले होते, त्यामुळे घरात कारण विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. आजोबा गेल्यावर वकिलांनी मृत्युपत्रातला वाटणीपुरता उतारा काढून दिला, तो थोरल्या भावाने वाचून दाखवला आणि आत्या जी उठली ती त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. त्या गोष्टीला एकोणपन्नास वर्षे झाली होती.

आता आत्या ऐंशीला टेकली होती आणि तिच्या हृदयाने हात टेकले होते. उशाशी बसलेल्या भाचीला ती म्हणाली, "तू रसायनवाली ना? जन्मभर 'पुरावा दाखवा' करत सगळ्यांचं डोकं खाल्लंस. आता माझ्या कामी ये. बाबांनी मला का वगळलं, एवढं बघून सांग."

"लग्नामुळेच असेल तर?"

"तर तसं सांग. रागवायला ताकद कुठं उरलीय मला? पण लवकर हो बाई."

प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली भाची दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात हजर झाली. मूळ मृत्युपत्र प्रोबेटच्या, म्हणजे ते न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याच्या अर्जासोबत तिथेच जमा होते. तिने आजोबांच्या मृत्यूच्या वर्षाचे रजिस्टर मागितले.

"ताई, मयताच्या सालानं शोधू नका," कारकून म्हणाला. "नोंद हुकमाच्या सालानं होते. लोक घर विकायची वेळ आली की मग प्रोबेटला धावतात. दहा-बारा वर्षं पुढचं बघा."

"कशावरून?"

"तीस वर्षं इथली धूळ खातोय, त्यावरून."

"हा तुमचा अनुभव झाला, पुरावा नव्हे."

"बरं," कारकून हसला. "धूळ काय, पुरेल सगळ्यांना."

तिने मृत्यूचे वर्ष घेतले आणि पहिल्या नोंदीपासून एकही ओळ न गाळता वाचत गेली. मग पुढचे वर्ष, मग त्यापुढचे. पद्धत निर्दोष होती. संध्याकाळी आत्याचा फोन येई. "सापडलं का गं, पुरावाबाई?" ती सांगे, "अजून नाही, पण तीन वर्षं निकालात निघाली." पलीकडून एकदा उत्तर आले, "माझ्याकडे तेवढी नाहीत गं."

सोळाव्या दिवशी ती पाचव्या वर्षाच्या रजिस्टरात होती. त्या दिवशी दुपारी आत्या गेली.

पंधरवड्याने ती पुन्हा कक्षात आली. का, ते तिला धड सांगता आले नसते. कारकुनाने विचारले, "इतके दिवस दिसला नाहीत. कोण गेलं, जवळचं?" तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलेलं साल काढा."

अकराव्या वर्षाच्या रजिस्टरात नोंद होती, घराच्या विक्रीच्या आधीची. नस्ती टेबलावर यायला वीस मिनिटे लागली. मृत्युपत्र चार पानांचे होते. उताऱ्यात न आलेले पहिले पान तिने दोनदा वाचले. आत्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी काढलेली जन्मनोंद अजून तिच्या पिशवीतच होती. ती तिने शेजारी ठेवली.

"सापडलं ना, ताई?" कारकुनाने विचारले.

"सापडलं. पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

त्याने पाण्याचा पेला तिच्यासमोर सरकवला आणि पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

तिने वही उघडून निष्कर्ष लिहिला, कारण दुसरे काही करण्यासारखे उरले नव्हते. आजोबांनी मृत्युपत्र पोटाच्या शस्त्रक्रियेआधी, जिवाची शाश्वती नाही म्हणून केले. 'माझी तिन्ही मुले' असे त्यात म्हटले आहे. शस्त्रक्रियेतून ते वाचले आणि पुढे एकतीस वर्षे जगले; मृत्युपत्र वकिलांच्या कपाटात तसेच राहिले. आत्याचा जन्म त्यावरच्या तारखेनंतर चौदा महिन्यांनी झाला. मृत्युपत्र केले तेव्हा आजोबांना तीनच मुले होती.