मीठ धरणारे पाणी

माघ सरत आलेला. मोहराचा उग्र-मधुर गंध डोंगरउतारावरून ओघळत खाडीपर्यंत पोहोचलेला. आणि खाडीच्या काठी, मिठागराच्या उथळ चौकोनी आरशांत, उतरते ऊन निश्चल पडून राहिलेले. एका आरशात शुभ्र मेघ. दुसऱ्यात नुसते निळे शून्य. तिसऱ्यात एका बगळ्याची एकाकी, एकपायी समाधी.

समुद्र इथे समुद्र राहत नाही. पाटातून पाऊल न वाजवता आत येतो, बोटभर खोलीचा होतो आणि मातीच्या बांधांत मुकाट बसतो. खोल दर्याला जी झुळूक कळतही नाही, ती या पाण्याला टोकापासून टोकापर्यंत शहारून जाते. आणि हेच पाणी, हे उथळ, उघडे, शहारणारे पाणी, मीठ धरते.

त्या बांधावरून शार्दूल नेरुरकर चालत होता. पावलांचा आवाज आपल्यालाच लागू नये, अशा बेताने चालत होता.

त्याला सारेच लागे. भिंतीपलीकडचा गिळलेला हुंदका लागे, पाहुण्याच्या हास्यामागचा कंटाळा लागे, दिव्याच्या नळीतली अखंड, सूक्ष्म गुणगुण लागे. थोरला भाऊ विश्राम आल्यागेल्याला हसत सांगे, "नाव वाघाचा, आणि मिक्सर लावलो की वाघ परसात पळता." पाहुणे हसत. शार्दूलही हसे. मग ते हसू दिवसभर त्याच्या अंगात कुसळासारखे हिंडत राही.

तालुक्याच्या मोठ्या शाळेत तो शिक्षक म्हणून लागला होता. वर्गातला प्रत्येक चेहरा त्याला एकाच वेळी ऐकू येई: कुणाची भूक, कुणाचा अपमान, कुणाच्या घरचे रात्रीचे भांडण. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला, तो परत गेलाच नाही. त्याच्या खोलीच्या खिडकीला तेव्हापासून जाड पडदा होता आणि त्या पडद्याआड एक दमट, धूसर, सुरक्षित संध्याकाळ कायमची राहायला आली होती.

त्या संध्याकाळीतून त्याला हळूहळू बाहेर आणले ते चारुशीलाताई केळुसकरांनी. मुंबईत होत्या तेव्हा लोक त्यांना लाइफ कोच म्हणत. ज्यांना जग जरा जास्तच लागते, अशा माणसांना जगण्याची आपली रीत शोधायला त्या मदत करीत. गावी परतल्यावर गावाने त्यांना 'मनाची मास्तरीण' केले. मिठाच्या गोदामाच्या सावलीत दोन वेताच्या खुर्च्या, हाच त्यांचा वर्ग. शार्दूल नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसे. तिथे सावली अधिक दाट असे.

"घाबरू नकोस, असं मी म्हणणार नाही," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या. "जे येईल त्याला नुसतं विचार. तू कसं आहेस? रंग कोणता तुझा? कुठून आलंस?"

त्याने मिक्सरला विचारले होते. मिक्सरचा आवाज गंजाच्या रंगाचा निघाला. दातांच्या मुळांशी जाड, शेवटी शेवटी बारीक, सुतासारखा. त्याने बाजाराला विचारले, एस.टी. स्थानकाला विचारले, विश्रामच्या हसण्यालाही विचारले. आणि त्या हसण्याच्या तळाशी, कोपऱ्यात, त्याला भावाची काळजी अंग चोरून बसलेली दिसली. भय तसेच होते. पण भयाला आता एक लहानसे कवाड होते, आणि त्या कवाडातून कुतूहल डोकावू लागले होते.

म्हणूनच खाडीपलीकडच्या वाडीतल्या लहानशा शाळेने त्याला बोलावले, तेव्हा त्याला जावेसे वाटले. आपल्याला जावेसे वाटते, याचेच त्याला नवल वाटले. मुख्याध्यापक आज दिवेलागणीपर्यंत त्याच्या फोनची वाट पाहणार होते.

आणि आज तो नकार द्यायला निघाला होता.

कारण ताई बदलल्या होत्या. गेल्या काही भेटींपासून तो बोलत असे आणि त्यांची मान किंचित वळत असे. "काय म्हणालास?" असे त्या पुन्हा पुन्हा विचारीत. त्यांच्या आवाजाच्या कडा काळवंडल्या होत्या, तेल संपत आलेल्या ज्योतीसारख्या. शार्दूलने ते सारे टिपले, जपले, रात्रंदिवस उलगडले आणि निष्कर्ष काढला: ताई मला कंटाळल्या. ज्या बाईने साऱ्या हळव्यांचे ऐकले, तिलाही माझे ऐकणे जड झाले. मग वाडीतली मुले तरी किती दिवस ऐकतील?

ताईंशेजारी, नेहमीच्या खुर्चीत बसून त्याने पाण्याकडे पाहिले. बगळा उडाला. आरसा थरथरला, स्थिरावला.

"ताई, मी आता यायचा नाही. शाळेलाही नाही म्हणून सांगतो," तो हलकेच म्हणाला.

उत्तर आले नाही.

ताई समोरच्या डोंगराकडे पाहत राहिल्या. ऊन त्यांच्या पांढऱ्या बटेवरून सरकले. तरीही उत्तर आले नाही. आणि ते न येणे शार्दूलच्या छातीत खोल, सरळ, थंडगार उतरत गेले. एवढेच. अडवलेसुद्धा नाही. तो उठला. पायांत चप्पल सरकवली. बांधावर चार पावले गेला.

आणि तिथे त्याची नवी सवय आडवी आली. त्याने त्या शांततेला विचारले, तू कशी आहेस?

कंटाळ्याची शांतता त्याला ओळखीची होती. ती कोरडी असते, पाचोळ्यासारखी. ही तशी नव्हती. ही ओली होती, काळीभोर होती, खोल विहिरीसारखी होती; पोहरा सोडावा आणि तो उतरत राहावा, उतरत राहावा, पाणी लागूच नये. मग जन्मात कधी न विचारलेला प्रश्न त्याच्या ओठांवर आला. तू कुणाची आहेस?

तो वळला. ताईंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"ताई, एक विचारू? तुम्हाला काहीतरी झालंय. ते माझ्यामुळे आहे का?"

ताईंचे डोळे त्याच्या ओठांवर स्थिरावले होते. मग त्या दचकल्या आणि मग, फार दिवसांनी, हसल्या.

"बस. तिकडे नको, या बाजूला बस. उजवीकडे." तो उन्हात बसला. "डावा कान गेला माझा. हळूहळू जात होता, आता गेलाच. डॉक्टर म्हणतात, उजव्याचाही भरवसा नाही. आणि माझं सगळं काम ऐकण्याचं. आता काय करायचं, एवढाच विचार चालू असतो बघ."

"म्हणजे मी मघाशी बोललो ते…"

"मघाशी काही बोललास?"

शार्दूलने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या पोटातून काहीतरी हसत वर येत होते आणि त्याच वाटेने डोळ्यांपर्यंत पोहोचून ओले होत होते.

"नाही," तो म्हणाला. "काही विशेष नाही. पण तुम्ही सांगितलं का नाही, ताई?"

"तुला? तू ते उचलून घरी घेऊन गेला असतास."

"नेलंच होतं. माझंच समजून."

त्याने दुःख अचूक ओळखले होते. फक्त ते दुसऱ्याच्या दारी आलेले, त्याने आपल्या दारी उतरवून घेतले होते.

मग त्याने विचारले, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सुरात, "कसं आहे ते, ताई? रंग कोणता?"

ताईंनी डोळे मिटले. "कापसात गुंडाळल्यासारखं," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि त्या कापसातून जाणारी एक बारीक शिट्टी. रंग… राखाडी. नाही, थांब. राखाडी नाही. शिंपल्याच्या आतला असतो ना, तसा." त्यांच्या आवाजाची काळवंडलेली कड जराशी उजळली. "हे मी बघितलंच नव्हतं रे." मग त्या म्हणाल्या, "मिठाचा आवाज तेवढा गेला. उन्हं कलली की मीठ धरताना तडतडतं. फार आवडायचा मला."

शार्दूल वाकला. त्याने आपला तो वैरी कान, तो शापित, जागा कान पाण्याच्या कडेला नेला.

"येतोय," तो मोठ्याने, त्यांच्या उजव्या कानापर्यंत पोहोचेल असा म्हणाला. "अगदी बारीक. पातळ वाळलेलं पान कुणी दोन बोटांत चुरावं तसा. आता थांबला. आता पलीकडच्या कोपऱ्यात. पांढरा नाही, ताई. फिकट गुलाबी आहे."

ताई ऐकत राहिल्या. तो सांगत राहिला. सूर्य खाडीच्या मुखाशी टेकला.

"आणि वाडीतली मुलं?" त्यांनी विचारले. "त्यांचा आवाज कसा असेल?"

शार्दूलने खिशातून फोन काढला. मुख्याध्यापकांचा नंबर शोधला.

"ते अजून माहीत नाही," तो म्हणाला. "जाऊन ऐकावं लागेल."

ऊन विझले. आरसे एकेक करून केशरी झाले, जांभळे झाले, काळे झाले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि सारे पाणी शहारले, टोकापासून टोकापर्यंत. आणि त्या शहाऱ्याखाली, अंधारात, मीठ धरत राहिले, कण कण, कण कण, शुभ्र.